रमण्याच्या दाराशी

पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांचा रमणा होता. चारी बाजूंनी भिंत, भिंतीला दारं आणि आत मोकळं आवार. श्रावणात दक्षिणेसाठी आलेले ब्राह्मण आधी या आवारात घेतले जात, मग दारं लागत, आणि दाराशी बसलेली सरकारी माणसं एकेकाच्या हातावर रुपये ठेवून त्याला बाहेर सोडत. बाहेर पडलेल्याला पुन्हा आत येता येत नसे. हजारोंच्या गर्दीत एकच माणूस दोनदा हात पसरणार नाही याची ही साधी तजवीज. धर्मकृत्य होतं खरं, पण त्याची आखणी एखाद्या मुरलेल्या कारकुनानं केलेली दिसते.

माणसं येत कुठून? कोकणातून आणि देशावरून तर येतच, पण काशी, तेलंगण, कर्नाटक, द्रविड देश इथूनही येत. भर पावसात, नद्या भरलेल्या असताना, काही रुपयांसाठी शेकडो कोस चालत येणाऱ्या माणसाला आपण लोभी म्हणून मोकळे होऊ. त्या काळात रोख रुपयाची किंमत काय होती आणि विद्येवर पोट भरणाऱ्या माणसाच्या हाती रोकड वर्षातून किती वेळा येत असे, हे लक्षात घेतलं तर तो शब्द जड वाटतो. गावात भिक्षुकीवर धान्य मिळे, वस्त्र मिळे. नाणं मिळायला राजाच्या दारीच जावं लागे.

ही दक्षिणा पेशव्यांनी सुरू केली, असा पुष्कळांचा समज आहे. तिचं मूळ पुण्यात नाही, तळेगावात आहे, आणि ती सुरू करणारा पेशवा नव्हता, ब्राह्मणही नव्हता. खंडेराव दाभाडे हे शाहू छत्रपतींचे सेनापती. गुजरातच्या स्वाऱ्यांतून त्यांच्याकडे पैसा येई. त्यातला काही भाग ते दर श्रावणात तळेगावी ब्राह्मणांना वाटत. १७२९ साली खंडेराव वारले. सेनापतीपद त्यांचा मुलगा त्रिंबकराव याच्याकडे गेलं आणि गुजरातच्या चौथाईवरून त्याचं पहिल्या बाजीरावाशी बिनसलं. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि त्रिंबकराव मारला गेला. मराठ्यांचा पेशवा आणि मराठ्यांचा सेनापती एकमेकांवर चालून गेले होते. शाहूंना त्यानंतर दाभाड्यांची, विशेषतः त्रिंबकरावाच्या आई उमाबाईंची, समजूत काढता काढता पुरेवाट झाली.

डभईनंतर दाभाड्यांचं घराणं सावरलं नाही. गुजरात हळूहळू गायकवाडांकडे गेला. तळेगावची दक्षिणा चालवायला पैसा उरला नाही, तेव्हा बाजीरावानं ती पुण्यात चालू ठेवली. ज्याला रणात पाडलं त्याच्या घरचं धर्मकार्य विजेत्यानं आपल्याकडे घ्यायचं, याचा अर्थ त्या काळच्या माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. दाभाड्यांच्या दारी जाणारे ब्राह्मण आता पेशव्यांच्या दारी येऊ लागले. आशीर्वाद ज्याच्या दारी मिळतो, तो घरचा मालक. बाजीरावाला गुजरातची चौथाई लढून मिळवावी लागली. ही दुसरी मिळकत त्याला अलगद मिळाली, आणि माझ्या मते ती तितकीच मोलाची होती.

मोलाची का, ते पेशव्यांच्या जागी उभं राहून पाहिलं म्हणजे कळतं. पेशवा हा छत्रपतीचा चाकर. त्याची सत्ता सनदेवर चालणारी, जन्मसिद्ध नव्हे. शिवाय भट घराणं कोकणातून वर आलेलं. देशावरच्या जुन्या घराण्यांना आणि जुन्या शास्त्र्यांना ते उपरंच वाटे. शिंदे-होळकरांना फौजेच्या जोरावर धाकात ठेवता येई, पण काशीचा पंडित किंवा पैठणचा शास्त्री तलवारीला भिऊन कोणाला थोर म्हणत नाही. त्याला बोलवावं लागतं, बसायला पाट द्यावा लागतो, शालजोडी द्यावी लागते. तो परतीच्या वाटेवर गावोगाव उतरतो, तिथे बोलतो. वर्तमानपत्र नसलेल्या काळात कीर्ती अशीच चालत जाई. बाजीरावाचे पुत्र नानासाहेब पेशवे यांनी १७४९ साली पर्वतीवर देवस्थान उभं केलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शाहू छत्रपती वारले. मग खरी सत्ता साताऱ्याहून पुण्याला आली. श्रावणातली दक्षिणाही याच काळात फुगत गेली आणि खर्च लाखांच्या घरात पोचला.

रमण्यातल्या सरसकट वाटपाखेरीज दक्षिणेचा दुसरा थर होता, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांना विद्येचा दावा करायचा असे, त्यांची परीक्षा होई. वेद, न्याय, व्याकरण, ज्योतिष, धर्मशास्त्र, ज्याचा जो विषय असेल त्यात शास्त्री त्याला तपासत आणि त्याची पायरी ठरवत. पायरीप्रमाणे रक्कम, पायरीप्रमाणे मान. गावाकडे परतलेल्या माणसाला विचारलं जाई, पुण्याला किती मिळाले? हा आकडा त्याच्या विद्वत्तेचा दाखला ठरे. पुण्याच्या खजिन्यातून निघालेला रुपया अशा रीतीनं दूरच्या गावातल्या ब्राह्मणाची पत ठरवू लागला.

यजमान आणि आश्रित यांच्याविषयी लिहिताना आपण नेहमी दोघांचीच नावं घेतो. एक देतो, एक घेतो. रमण्याकडे नीट पाहिलं तर तिथे तिसरा माणूस दिसतो. तो दारात बसलेला असतो. कोण खरा विद्वान, कोण नुसता तोंडपाठ, कोणाचा पंथ चालेल, कोणाची जात चालणार नाही, हे तो ठरवतो. पेशवा वाड्यात असतो. घेणाऱ्याची गाठ पडते ती दारातल्याशी.

अशा जागी सगळ्यांत गाजलेला माणूस म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे. गरिबीत वाढलेले, तरुणपणी साताऱ्याच्या एका सावकाराकडे शागिर्दी केलेले, मग विद्येसाठी काशी गाठलेले. पुढे पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीश. म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर उभं राहून काय वाटतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची एक गोष्ट सांगतात. दक्षिणेच्या वेळी त्यांचा सख्खा भाऊ रांगेत आला. शेजारी नाना फडणीस होते. शास्त्रीबोवांचा भाऊ म्हणून त्यांनी वीस रुपये देण्याचं सुचवलं. रामशास्त्री म्हणाले, याची विद्या सामान्य आहे, सामान्यांना दोन मिळतात, यालाही दोनच द्या. भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी घरून देईन. गोष्ट घडली तशीच टिकली की सांगता सांगता तिला पॉलिश झालं, कोण जाणे. पण ती इतकी वर्षं सांगितली का गेली, याचं कारण उघड आहे. दारात बसणारे सगळे रामशास्त्री असते, तर ती सांगण्याजोगी वाटली नसती.

याच रामशास्त्र्यांनी पुढे आश्रित माणसाच्या हाती असलेलं शेवटचं हत्यारही वापरलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, नारायणरावाचे चुलते राघोबादादा यांच्यावर दोष ठेवला आणि त्यांची चाकरी सोडून पुण्याबाहेर निघून गेले. ज्याची भाकरी खायची त्याच्या तोंडावर असं बोलून जाणं थोरच. मला त्यातलं व्यवहारी सत्यही दिसतं. विद्वान दारी आले की राजाची शोभा वाढते, आणि नावाजलेला विद्वान दार सोडून गेला की ती तितकीच उतरते. दादांना रामशास्त्र्यांची गरज होती, रामशास्त्र्यांना दादांची नव्हती. असा तराजू क्वचित फिरतो. रमण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत तो कधीच फिरला नाही.

आणि रमण्याबाहेर? दक्षिणेचा रुपया शेतसाऱ्यातून आणि चौथाईतून येत होता. तो पिकवणारा कुणबी, तो लढून आणणारा शिपाई, त्याची पेटी घडवणारा सुतार, यांच्यापैकी कोणाचाही या दाराशी संबंध नव्हता. तळेगावी तो वाटणारा मराठा होता, एवढंच.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी जाळली गेली. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचा ग्रंथसंग्रह त्या आगीत गेला. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवणारा हात बाळाजीपंत नातूंचा होता, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांचं पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. काल ज्याच्या दारी विद्वान उभे राहत, तो आज स्वतः दुसऱ्याच्या नेमणुकीवर जगू लागला.

एल्फिन्स्टनपुढे प्रश्न होता तो मागे राहिलेल्यांचा. पुण्यात शास्त्री, वैदिक, कारकून असा मोठा लिहितावाचता वर्ग होता आणि त्याचं पोट पेशवाईवर होतं. त्यांना तोडलं तर ते गप्प बसणार नव्हते. पूर्वीसारखं सांभाळायचं तर कंपनीच्या हिशेबात रमणा बसत नव्हता. पुस्तकं जळालेला हा माणूस कडवट झाला असता तर नवल नव्हतं, पण तो थंड डोक्याचा होता. त्यानं सरसकट दक्षिणा बंद केली आणि विद्वानांची दक्षिणा चालू ठेवली. त्यासाठी सालीना ५० हजार रुपये बाजूला काढले. वेद मुखोद्गत असणाऱ्यापेक्षा कायदा, गणित, ज्योतिष अशा त्याच्या मते उपयोगी विद्या जाणणाऱ्याला झुकतं माप मिळावं, असा त्याचा रोख होता.

पहिल्या बाजीरावानं दाभाड्यांच्या बाबतीत जे केलं, तेच एल्फिन्स्टननं बाजीरावाच्या नातवाच्या बाबतीत केलं. हरलेल्याचं दान जिंकणाऱ्यानं उचललं. फरक एवढाच की पहिल्या वेळी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा देव एक होता.

५० हजारांतून आणखी एक गोष्ट उभी राहिली. दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन यानं ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली. इंग्रज तिला हिंदू कॉलेज म्हणत. वाडा दुसऱ्या बाजीरावानं हौसेनं बांधलेला, जेमतेम दहा-पंधरा वर्षांचा. त्यात आता शास्त्री सरकारी पगारावर शिकवू लागले आणि विद्यार्थी सरकारी वेतनावर शिकू लागले. विषय जुनेच होते: न्याय, व्याकरण, अलंकार, ज्योतिष, वैद्यक, धर्मशास्त्र, वेद. प्रवेश ब्राह्मणांपुरता होता. राज्य बदलल्यामुळे ज्यांचं नुकसान झालं त्या विद्वान वर्गाची मर्जी राखणं, हा हेतू चॅप्लिननं वरिष्ठांपासून लपवला नाही. शिक्षण हा त्यामागचा दुसरा हेतू होता. पहिला होता पुणं शांत ठेवण्याचा.

इथे दाराशी कोण बसलं? तेच शास्त्री. नव्या सरकारला संस्कृत येत नव्हतं. खरा विद्वान कोण हे त्याला कळणार कसं? म्हणून परीक्षेला जुन्याच मंडळींना बसवावं लागलं. यजमान सातासमुद्रापलीकडचा आला, रक्कम कमी झाली, पण निवड करणारे हात बदलले नाहीत. पेशवाई बुडून पंधरा-वीस वर्षं झाली तरी पुण्यातल्या शास्त्रीवर्गाचा दरारा टिकला, त्याचं एक कारण हे असावं.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारचा हात आखडला. ज्यांना दक्षिणा मिळत होती त्यांना ती हयातभर द्यायची, नवी नावं घ्यायची नाहीत, असं ठरलं. १८३७ पासून पाठशाळेची देखरेख मेजर थॉमस कँडी पाहू लागला. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामात हात असलेला हा माणूस. त्याच्या काळात मराठी आणि इंग्रजी हळूहळू विश्रामबागेत शिरली. इकडे म्हातारे दक्षिणेकरी एकेक करून वारत होते आणि फंडात पैसा साठत होता. साठलेल्या पैशावर डोळा पडायला वेळ लागत नाही.

१८४९ च्या सुमारास पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा पैसा केवळ संस्कृत पठणावर न घालवता मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं देण्यासाठी वापरावा, अशी त्यांची मागणी होती. यात पुढे होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी. त्यांचं घराणंही आश्रयाच्या याच साखळीतलं: वडील हरिपंत हे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. सेनापती अष्टीच्या लढाईत पडला आणि फडणिशी गेली. मुलगा इंग्रजी शिकून कंपनी सरकारच्या नोकरीत शिरला, ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रं लिहू लागला आणि भटभिक्षुकांच्या दक्षिणेवर कोरडे ओढू लागला. जुन्या यजमानाचं घर बुडालं तेव्हा जे नव्या यजमानाकडे वेळेवर पोचले त्यांचा हा मुलगा, असं कोणी वाकड्या तोंडानं म्हणू शकेल, आणि त्या काळी म्हटलंही गेलं असेल. पण लोकहितवादींचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. शंभर माणसांनी एकच श्लोक पाठ करण्यापेक्षा एकानं मराठीत भूगोल लिहिला तर जास्त लोकांना कळेल, हे सांगायला धैर्य लागत होतं.

शास्त्रीमंडळी खवळली. ब्राह्मणांसाठी ठेवलेला पैसा ब्राह्मणांच्याच मुलांनी काढून घ्यायचा, हे त्यांना सहन होईना. सह्या करणाऱ्यांना वाळीत टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. जोतीराव फुल्यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते की, अर्ज सुखरूप पोचावा म्हणून फुले दोनशे महार-मांग सोबत घेऊन संरक्षणाला उभे राहिले. ज्यांना रमण्याच्या भिंतीजवळही कोणी फिरकू दिलं नसतं, ती माणसं दक्षिणा फंडाच्या वाटणीत पहिल्यांदा दिसतात ती अशी, पहारेकरी म्हणून. त्यांना त्या अर्जातून मिळणार काहीच नव्हतं.

सरकारनं तरुणांचं ऐकलं, म्हणजे अर्धंमुर्धं ऐकलं. फंडातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वेगळा काढला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी नेमली. त्याच वर्षी विश्रामबागेतली पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालं आणि ते सगळ्या जातींना खुलं झालं. पुढे हेच येरवड्याला जाऊन डेक्कन कॉलेज झालं.

पुढची हकीकत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चटका लावणारी वाटते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे फुल्यांचा सत्कार झाला. मेजर कँडीनं त्यांना शालजोडी दिली. बाजीरावाच्या वाड्यात, जिथे कालपर्यंत फक्त ब्राह्मण मुलं शिकत होती, तिथे माळ्याच्या पंचवीस वर्षांच्या मुलाचा मान झाला, आणि तोही मुलींना शिकवतो म्हणून. फुल्यांच्या मंडळींनी चालवलेल्या शाळांना दरमहा ७५ रुपये मदतही मिळू लागली. ती आली दक्षिणा फंडातून. सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे असे ब्राह्मण स्नेही त्या मंडळींत होते. सरकारदरबारी कागद हलवायला त्यांचा उपयोग झाला असणार. दारातल्या माणसाची ओळख लागते, हे फुल्यांनाही ठाऊक होतं.

तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांनी त्याच फंडाकडे एक नाटक पाठवलं. नाव ‘तृतीय रत्न’. त्यात एक गरोदर कुणबीण आहे. जोशी तिच्या दारी येतो, पंचांग उघडतो, पोटातल्या बाळावर ग्रहांची पीडा असल्याची भीती घालतो. अनुष्ठान करा, ब्राह्मण जेवू घाला. घरात नाही म्हणून नवरा कर्ज काढतो. मधेमधे विदूषक येऊन बोचरं बोलत राहतो. एक पाद्री भेटतो, वादावादी होते, आणि शेवटी नवराबायको फुल्यांच्या शाळेत शिकायला जातात. म्हणजे दक्षिणा गोळा कशी होते याचं नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे बक्षिसासाठी ठेवलं गेलं. ही खोडी फुल्यांनी जाणून केली असावी असं मला वाटतं. नसेल केली, तर योगायोगालाही विनोदाची चांगली जाण होती.

बक्षीस मिळालं नाही. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त फुल्यांनी याचा हिशेब मांडला. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग साहेबावर नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवं. साहेबानं शाल दिली, ७५ रुपये दिले, कमिटीत बसून माणसंही नेमली. अडवलं ते दाराशी बसलेल्यांनी. फुल्यांची ही तक्रार बरीचशी खरी असली तरी ती मला पुरती पटत नाही. दाराशी कोणाला बसवायचं हे शेवटी यजमानच ठरवतो. इंग्रजांनी चॅप्लिनच्या वेळेपासून जाणूनबुजून तीच माणसं बसवली होती, कारण त्यांना पुण्यातला लिहितावाचता वर्ग हवा होता, कुणब्याच्या बायकोची गरज नव्हती. फुल्यांना सरकारची ढाल हवी होती, म्हणून त्यांनी या बाजूकडे बराच काळ पाहिलं नसावं. ते नाटक छापून आलं १९७९ साली.

फंड मात्र पुढे अनेक वर्षं चालला, आणि त्यानं चांगली माणसं घडवली हे नाकारण्यात अर्थ नाही. बक्षिसांबरोबर फेलोशिप आल्या. हुशार पदवीधरांना पुढे शिकता यावं आणि खालच्या वर्गांना शिकवावं, यासाठी दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ही मंडळी दक्षिणा फेलो होती. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातून दक्षिणेवर शिकलेली नावं काढली तर अध्यायच्या अध्याय कोरे राहतील. यांच्यापैकी कोणाला रमण्यात उभं राहावं लागलं नाही. त्यांनी अर्ज केला, परीक्षा दिली, दरमहा पावतीवर सही केली. मान खाली घालावी लागली नाही, म्हणून असेल, पण आपण कोणाचे आश्रित आहोत असं त्यांच्या लिखाणात कुठे जाणवत नाही.

याच यादीत गोपाळ गणेश आगरकर आहेत. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, घरची हलाखी, एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारे. डेक्कन कॉलेजात त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. या पैशावर एम.ए. करून सरकारी नोकरी न धरता ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले, टिळकांबरोबर ‘केसरी’ काढला आणि कोल्हापूरच्या दिवाणावर लिहिलेल्या मजकुरामुळे दोघांवर खटला झाला. जामिनाची पाळी आली तेव्हा १० हजार रुपयांना उभे राहिले ते रामशेठ बापूशेठ उरवणे, फुल्यांचे स्नेही आणि सत्यशोधक. फुल्यांनीच त्यांना पुढे केलं होतं. टिळकांच्या आणि फुल्यांच्या मतांत किती अंतर होतं ते वेगळं सांगायला नको. शिक्षा झाली आणि १८८२ च्या जुलैत दोघे डोंगरीच्या तुरुंगात गेले. सुटले २६ ऑक्टोबरला.

त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑक्टोबरला, फुल्यांनी पुण्याहून हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं निवेदन ठेवलं. शाळा-कॉलेजांच्या भल्याबुऱ्याविषयी त्यांनी त्यात पुष्कळ लिहिलं, पण सुरुवातीलाच पैशाचा विषय काढला. सरकारचा महसूल बहुतेक रयतेच्या घामातून येतो. वरच्या वर्गांची भर त्यात फार थोडी. आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ती शिकलेली माणसं खालच्यांना शिकवतील, या आशेवर सरकार बसलं आहे, पण तसं घडलेलं दिसत नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंत सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी त्यांनी केली.